शेजाऱ्याचं गाढव

दहा आज्ञांपैकी नऊ पाळायला मला फारसा त्रास पडत नाही. यात माझं कर्तृत्व काही नाही. बँकेतल्या कारकुनाला पाप करायला सवड कुठे असते? खून करायचा म्हटला तर आधी रजेचा अर्ज द्यावा लागेल. चोरीचं म्हणाल, तर मी बसतो तिथे तीन कॅमेरे माझ्यावर रोखलेले आहेत आणि एक गिऱ्हाइकावर. मूर्ती घडवण्याची भीती नाही, कारण शाळेत मला साधा आंबा काढता येत नव्हता. शब्बाथ पाळावा, तर रविवारी बँक आपणहून बंद असते. खोटी साक्ष द्यायला मला अजून कोणी बोलावलेलं नाही. आणि परस्त्रीचा तर प्रश्नच नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्चमध्ये जमणारे सगळे भाविक. पण माझ्या घरची मंडळी एकटीच त्या सगळ्यांना भारी आहे. ती माझं पासबुक ओळ न् ओळ वाचते.

माझी गाडी अडते ती दहाव्या आज्ञेवर. शेजाऱ्याचं घर, बायको, दासदासी, बैल, गाढव किंवा त्याचं जे काही असेल त्याचा लोभ धरायचा नाही, अशी ती आज्ञा. वसईकडचे आमचे कॅथलिक बांधव हिची दोन खाती करतात. शेजाऱ्याची बायको नवव्या आज्ञेत आणि बाकीची मालमत्ता दहाव्या. मला व्यक्तिशः ही पद्धत पसंत आहे. खाती वेगळी असली की हिशोब लागायला बरं पडतं.

लहानपणी शब्बाथशाळेत ही आज्ञा पाठ म्हणताना आम्ही पोरं गाढवापाशी आलो की खिदळायचो. घर ठीक, बैलही ठीक, पण दुसऱ्याच्या गाढवावर कोण कशाला डोळा ठेवील? आज सत्तेचाळिसाव्या वर्षी कळतं की आज्ञा देणाऱ्याला माणूस किती पुरता ठाऊक होता. गाढव म्हणजे त्या काळचं वाहन. आज ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं असतं, रंगाने पांढरं असतं आणि मागे सरकायला लागलं की ओरडतं.

माझा शेजारी म्हणजे माझ्या बाकावरचा शेजारी. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला शमुवेल म्हणू. आम्ही दोघेही नगरचे. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर; पण कुठले, असं विचारलं तर तोंडातून अजून 'नगर'च निघतं.) त्याचे वडील आमचे शब्बाथशाळेचे गुरुजी. एका नाताळात वचनं पाठ म्हणण्याच्या स्पर्धेत शमुवेलला पेन मिळालं आणि मला पेन्सिल. मी मुसमुसत गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, त्याला पेन का?" त्यांनी माझी पेन्सिल हातात घेतली, चाकूने तासून छान टोक काढलं, कागदावर एक रेघ ओढून दाखवली आणि म्हणाले, "उठते आहे ना? मग झालं तर." मला वाटलं, मुलाची बाजू घेताहेत.

पुढे दोघेही बी.कॉम. झालो, दोघेही एकाच दिवशी एकाच बँकेत कारकून म्हणून चिकटलो. मग शमुवेल खात्यांतर्गत परीक्षा देऊन ऑफिसर झाला. हिंदुस्थानच्या नकाशावर जिथे जिथे बोट ठेवावं तिथे तिथे बदलीवर गेला आणि गेल्या वर्षी चीफ मॅनेजर होऊन नगरला परत आला. मी कारकूनच आहे. मला सध्या 'स्टॅग्नेशन इन्क्रीमेंट' नावाची वाढ मिळते. पगारश्रेणीच्या शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेल्या माणसाला काही वर्षांच्या अंतराने ही वाढ देतात. साचलेल्या पाण्याला 'साचल्याबद्दल अभिनंदन' म्हणून तांब्याभर पाणी ओतण्याची ही योजना ज्या कोणी काढली असेल, त्याला माणसाचा अपमान नियमानुसार कसा करावा याचं उत्तम ज्ञान असलं पाहिजे.

परीक्षा मीही पास झालो होतो. पण नेमणूक बाहेर होणार म्हटल्यावर मी प्रमोशन नाकारलं. लोकांना सांगितलं, "आपण आहोत त्यात समाधानी आहोत. देवाने दिलंय ते पुष्कळ आहे." वीस वर्षं हे वाक्य मी लग्नात, मयतात आणि युनियनच्या मीटिंगमध्ये वापरलं. चर्चमध्ये तर एकदा साक्ष म्हणून उभा राहून सांगितलं. दोन वयस्क बहिणींनी डोळे पुसले. खरी गोष्ट अशी होती की मला बाहेरगावच्या खाणावळीची भीती वाटली होती. भित्रेपणाला समाधानाचा कोट घातला की तो अंगावर इतका चपखल बसतो की शिंप्यालासुद्धा ओळखू येत नाही.

शमुवेल परत आला आणि त्या कोटाच्या शिवणी उसवायला लागल्या.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा मालक भल्या पहाटे मजूर लावतो, रोज एक दिनार ठरवून. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. प्रत्येक वेळी आणखी माणसं आणतो. अगदी संध्याकाळी पाचलासुद्धा काही जण चौकात रिकामे उभे दिसतात, त्यांनाही मळ्यात धाडतो. सहाला पगारवाटप. पाचला आलेल्यांना एक दिनार मिळतो. पहाटेपासून घाम गाळलेल्यांना वाटतं, आता आपल्याला घसघशीत मिळणार. त्यांनाही एकच दिनार. मग कुरकुर सुरू.

हा दाखला ऐकताना आजवर मी नेहमी पहाटेच्या मजुरांच्या बाजूने असायचो. सेवाज्येष्ठता म्हणून काही आहे की नाही? आमच्या युनियनने तो मळा दुपारीच बंद पाडला असता. पण त्या दिवशी, कशी कोण जाणे, माझी कॅशियरची नजर एका तपशिलावर गेली. मालकाने कारभाऱ्याला सांगितलं होतं की वाटप शेवटच्यापासून सुरू कर. सगळा घोटाळा तिथे झाला. पहाटेच्या लोकांना आधी पैसे दिले असते तर ते दिनार कनवटीला लावून शीळ घालत घरी गेले असते, वाटेत पीठमीठ घेतलं असतं, पोरं जेवली असती आणि मालक देवमाणूस ठरला असता. त्यांच्या दिनारातून एक कवडीसुद्धा कापलेली नव्हती. पहाटे सहाला जो दिनार चोख होता, तोच संध्याकाळी सहाला दुसऱ्याच्या तळहातावर तसाच दिनार दिसल्याबरोबर खोटा वाटायला लागला.

उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठून माझा हा शोध सांगितला. म्हटलं, "कारभारी कच्चा होता, साहेब. कॅश काउंटरचा अनुभव नसावा." पाळकसाहेब हसले. "अहो, क्रम मालकाने मुद्दामच उलटा लावलाय. तुमच्याकडे रोकड मोजल्याशिवाय कमी आहे की जास्त ते कळतं का? यांच्या आत काय कमी होतं, ते बाहेर पडायला नको?" आणि जाता जाता म्हणाले, "पाचला आलेल्यांनी दिवसभर आराम केला असं समजू नका. मजूर अड्ड्यावर अकरा वाजेपर्यंत कोणी उचललं नाही, अशा माणसाचा चेहरा कधी बघितलाय?" मी बघितलेला होता. बँकेच्या वाटेवरच तो अड्डा आहे. रोज बघतो आणि मनात म्हणतो, 'आपलं यांच्यापेक्षा किती बरं!'

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण हे 'यांच्यापेक्षा बरं' प्रकरण वरवर दिसतं तितकं सोज्वळ नाही. आपल्याकडे असमाधानावर एक घरगुती औषध सर्रास सांगतात: वर बघू नकोस, आपल्यापेक्षा खालच्याकडे बघ. पायात वहाण नाही म्हणून रडत असशील तर ज्याला पायच नाहीत त्याच्याकडे बघ. मलाही हे औषध वर्षानुवर्षं लागू पडलं. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. माझं समाधान शाबूत राहावं म्हणून कोणीतरी कायमचं लंगडं राहायला हवं! उद्या त्या लंगड्याला पाय फुटले आणि तो स्कूटरवरून माझ्या पुढून गेला, तर माझं समाधान जागच्या जागी पंक्चर. येशूने मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परूशाची गोष्ट सांगितली आहे. तो परूशी देवाचे आभारच मानत होता, तक्रार करत नव्हता. फक्त आभार कशाबद्दल, तर दूर उभ्या असलेल्या जकातदारासारखा आपण नाही, याबद्दल. त्याची प्रार्थना नामंजूर झाली. वर बघून जळणं आणि खाली बघून निवणं, चूल एकच आहे.

हे सगळं मला त्या रविवारी दुपारपर्यंत स्वच्छ कळलं होतं. पुढच्या रविवारी कापणीचा सण होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सणाला आमच्यात प्रत्येक घरातून काहीतरी पिकलेलं आणून वेदीपाशी ठेवतात: बाजरीची कणसं, ऊस, पेरू, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की आवारात त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या फंडात जातात. दहा रुपयांचं लिंबू शंभरला जातं आणि सगळे हसतात. मोठा आनंदाचा कार्यक्रम असतो. कोंबडीला तो कितपत आनंदाचा वाटतो कोण जाणे. दर वर्षी एक तरी सुटते आणि पंच लोक तिच्या मागे धावतात.

त्या दिवशी पंचांनी एक लाल भोपळा वर धरला. "पन्नास!" मागून शमुवेलचा आवाज आला, "शंभर." मला भोपळा नको होता. मला भोपळा आवडतसुद्धा नाही. पण त्या 'शंभर' शब्दात मला चीफ मॅनेजरची श्रेणी ऐकू आली. मी म्हटलं, "दीडशे." तो म्हणाला, "तीनशे." मी पाचशे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी ही वस्तू कारकुनाला फार चढते. आठशे. हजार. बाराशे. पंच ओरडताहेत, "हर्षाने देणारा देवाला आवडतो, बंधूंनो!" आणि मी हर्षाने दात-ओठ खातो आहे. बायकांच्या बाजूने आमची सौ. मला हाताने काहीतरी खुणा करत होती. मला वाटलं, उत्तेजन देते आहे. मी म्हटलं, "एकवीसशे!" शमुवेल हसला आणि त्याने हात जोडले. एक वार, दोन वार, तीन वार. देवाच्या घरात, देवाच्या कामासाठी, मी माझ्या भावाला हरवलं होतं.

फलकावरच्या चौकोनाला मोबाईल दाखवून पैसे भरले आणि छातीशी भोपळा धरून विजयी मुद्रेने सौ.पाशी गेलो. ती म्हणाली, "अहो, केव्हाची खुणावतेय. हा आपलाच भोपळा आहे. काल मंडईतून साठ रुपयाला आणला आणि आज सकाळी अर्पणाला ठेवला. देठापाशी नखाची खूण आहे बघा माझ्या."

खूण होती.

त्या संध्याकाळी मला पवित्र शास्त्र उघडणं भाग होतं, कारण सौ. बोलत नव्हती. उघडलं ते फिलिप्पैकरांस पत्र. त्याच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो की जी काही स्थिती असेल तीत संतुष्ट राहायला तो शिकला आहे. हे वचन मी त्या पेन्सिलीच्या वर्षी पाठ म्हटलं होतं. पण कुठल्याही वचनाच्या खालीवर बघायचं असतं, तसं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एक तर हा मनुष्य हे तुरुंगातून लिहितो आहे. दुसरं, तो 'शिकलो' म्हणतो. म्हणजे त्यालाही ते उपजत येत नव्हतं. हा विषय नापास होण्यासारखा आहे, याचा मला केवढा धीर आला! आणि तिसरी गोष्ट तर अशी की ती बँकवाल्यालाच दिसावी. हा सगळा मजकूर पैसे मिळाल्याच्या पोचपावतीत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीतच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. तिचे आभार मानताना पौल देण्याघेण्याच्या हिशोबाची भाषा वापरतो, त्यांच्या खात्यावर जमा होणाऱ्या फळाबद्दल बोलतो आणि मला सर्व पोचलं, भरपूर आहे, असं कळवतो. पाळकसाहेबांनी मागे सांगितलं होतं की तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळी पावत्यांवर 'पूर्ण रक्कम मिळाली' या अर्थाने लिहीत. तुरुंगात बसलेला, उद्याची शाश्वती नसलेला मनुष्य आपल्या आयुष्याच्या पावतीवर 'पूर्ण रक्कम मिळाली' म्हणून सही करतो! वीस वर्षं नोटा मोजून मी अशी पावती कधी दिली नव्हती. मी आपला 'मिळाले, पण तपासून घेत आहे' या शेऱ्याखाली सही करत आलो होतो.

संतुष्ट या अर्थाचा जो ग्रीक शब्द पौलाने घेतला आहे तो म्हणे स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका होता, आणि त्याचा अर्थ स्वयंपूर्ण. ज्याला कोणाचीही गरज लागत नाही तो. पौलाने शब्द त्यांचा घेतला आणि भांडवल बदललं. माझं मला पुरेसं आहे, असं तो म्हणत नाही. मला बळ देणारा एक जण आहे म्हणून मी पुरा पडतो, असं म्हणतो. माझ्या लक्षात आलं की माझं सगळं समाधान आजवर शमुवेलच्या खात्याशी जोडलेलं होतं. त्याचं वाढलं की माझं कमी. ज्याच्याशी माझं खरं खातं, त्याच्याकडे मी फक्त तक्रार नोंदवायला जात होतो.

आमच्या नगरच्या ख्रिस्ती लोकांना याबाबतीत मोठी उदाहरणं नाहीत असं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला. ते मी सौ.ला ऐकवायला गेलो. ती म्हणाली, "मी 'स्मृतिचित्रे' वाचलंय. संतुष्ट माणसाच्या बायकोला काय काय करावं लागतं, ते लक्ष्मीबाईंनी नीट लिहून ठेवलंय." निदान बोलली तरी.

दिवेलागणीला दारावरची बेल वाजली. शमुवेल.

"सलाम, वहिनी. सलाम रे. कुठाय भोपळा?" तो येऊन बसला. चहा झाला. मग म्हणाला, "मला तो नकोच होता. तू बोलतोयस म्हणून मी वाढवत गेलो." मी म्हटलं, "मीही." दोघे हसलो. मग तो बराच वेळ गप्प राहिला.

"एक सांगू? तुझ्यावर माझा राग आहे," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी सिलचरला होतो. विमान बदलून, गाडी बदलून नगरला पोचलो तेव्हा कबरीवरची माती ओली होती. पेटीला खांदा तू दिलास. शेवटचे आठ दिवस रात्री दवाखान्यात तू बसायचास. बाबा फोनवर तुझंच सांगायचे. मी लेकाचा तिकडे ऑडिटच्या तयारीत. इतकी वर्षं तुला बघितलं की मला वाटतं, याने बदली नाकारली आणि माझं सगळं याच्याकडे गेलं."

खरं सांगतो, वाचकहो, त्या क्षणी माझ्या मनात पहिली नोंद काय झाली असेल? मित्राचं दुःख? नाही. 'जमा' झाली! वीस वर्षांनी का होईना, चीफ मॅनेजरला माझा हेवा वाटत होता. डोळ्यांत पाणी आणून तो बोलत होता आणि माझ्या आत कोणीतरी शिल्लक काढत होतं. मग मला माझीच शिसारी आली. गुरुजींच्या उशाशी मी बसलो होतो, ते काय शमुवेलवर कुरघोडी करायला? तिथे बसलेलं असताना खरं तर शमुवेल डोक्यातच नव्हता. फक्त त्यांचा श्वास आणि सलाईनचे थेंब. माझ्या उभ्या आयुष्यात मी कोणाशीही तुलना केली नाही अशा त्या आठच रात्री असतील, आणि त्याही मी आता हिशोबात धरायला निघालो होतो.

त्या रात्रींपैकी एका रात्री गुरुजींनी मला योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचायला लावला होता. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू पेत्राला त्याचा पुढचा मार्ग सांगतो. म्हातारपणी कसं मरण यायचं आहे तेसुद्धा सुचवतो. एवढं ऐकल्यावर पेत्र काय करतो? मागे वळतो. मागून योहान येताना दिसतो, आणि विचारतो, याचं काय? आमच्या बँकेत बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, 'त्याला कुठे टाकलंय?' येशूने त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्याशी तुला काय करायचंय, तू माझ्या मागे ये, एवढंच. वाचून झाल्यावर गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले, "पेन्सिल आहे का अजून?" तेव्हा मला वाटलं, भ्रमात बोलताहेत.

हे मी शमुवेलला सांगितलं. पेन्सिलीसकट. त्याने रुमाल काढला.

निघताना प्रार्थना करून निघायची आमच्यात पद्धत आहे. शमुवेलनेच केली. त्याने माझं नाव घेतलं, सौ.चं घेतलं, मुलीच्या बारावीचं घेतलं, माझ्या गुडघ्याचंसुद्धा घेतलं. इतकं सरावाने घेतलं की मला कळून चुकलं, हा ही नावं पहिल्यांदा घेत नाही. राग धरून बसलेला हा मनुष्य गुवाहाटीहून आणि रतलामहून माझ्यासाठी गुडघे टेकत होता. मीही वीस वर्षं त्याचं नाव देवापुढे घेतलं होतं, नाही असं नाही. पण ते सगळे तक्रार-अर्ज होते. 'आमेन' म्हणताना माझा आवाज फुटला नाही. सौ. म्हणाली, "भावोजी, अर्धा भोपळा घेऊन जा," आणि सुरी आणायला आत गेली.

दोन दिवसांनी त्याच्या बायकोने त्या अर्ध्या भोपळ्याचे घारगे करून डब्यातून पाठवले. सौ.ने आमच्या अर्ध्याचे आदल्याच दिवशी केले होते. दोन्ही डबे ओट्यावर शेजारी-शेजारी होते. मुलगी म्हणाली, "बाबा, कुठले चांगले झालेत?"

मी म्हटलं, "खा मुकाट्याने."

त्यांचे चौदा होते. मी मोजले नाहीत, झाकण उघडताना सहज दिसले.